सूरजागडची वंशवेल

गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीहून एटापल्लीकडे जाताना रस्त्याकडेच्या झाडांची पानं पाहावीत. पावसाळ्यात धुऊन निघालेला साग दिवाळीनंतर पुन्हा तांबूस दिसू लागतो. ही धूळ सूरजागडच्या डोंगरातली, लोहखनिज वाहून नेणाऱ्या ट्रकांमागे उडालेली. त्या वाटेवर पडलेला एखादा दगड हातात घेतला की आधी जाणवतं ते वजन. तेवढ्याच आकाराच्या साध्या दगडापेक्षा तो जवळजवळ दुप्पट जड. उन्हात धरून निरखला तर काही तुकड्यांत पट्टे दिसतात: एक काळपट, चकाकणारा, त्याखाली एक विटकरी, मग पुन्हा काळपट. काही पट्टे बोटाएवढे जाड, काही सुतासारखे बारीक. खाणीत काम करणारी माणसं अशा पट्टेरी खडकाला बीएचक्यू म्हणतात, म्हणजे बॅन्डेड हेमाटाइट क्वार्टझाइट. फरशीच्या मागच्या खरबरीत बाजूवर हा काळा दगड घासला की रेघ मात्र उमटते लाल.

ही लाल रेघ मला पृथ्वीवरच्या सर्वांत थरारक गोष्टींपैकी एक वाटते. उत्क्रांती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर माकड येतं, फार तर डायनासोर. उत्क्रांतीचा डोंगर कुणी पाहिला आहे? सूरजागड हा तसा डोंगर आहे.

अशा पट्टेरी खडकांचा जगभरातला मोठा साठा साधारण २८० ते १८० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रांत तयार झाला. बस्तरपासून गडचिरोलीपर्यंत पसरलेला भूभाग हा भारतीय द्वीपकल्पाच्या सर्वांत जुन्या गाभ्यांपैकी एक आहे, आणि पलीकडची बैलाडिलाची प्रसिद्ध लोहखनिजंही त्याच गाभ्यातली. त्या काळी जमिनीवर गवताचं पातं नव्हतं. हवेत प्राणवायू जवळपास नव्हताच. तो नसल्यामुळे समुद्राच्या पाण्यात लोह विरघळून राहत असे, चहात साखर राहावी तसं. आज आपण समुद्राचं पाणी कितीही आटवलं तरी लोखंड हाती लागणार नाही. तेव्हाचा समुद्र लोहाने भरलेला होता.

मग कुठल्यातरी उथळ किनाऱ्यावर काही जीवाणूंना एक युक्ती साधली. सूर्यप्रकाशाच्या बळावर पाणी फोडायचं, त्यातला हायड्रोजन अन्न बनवायला वापरायचा आणि उरलेला प्राणवायू टाकून द्यायचा. आज आपण त्यांना सायनोबॅक्टेरिया म्हणतो. पावसाळ्यात अंगणातल्या फरशीवर जो निळसर-हिरवा बुळबुळीत थर साचतो, त्यात त्यांचे वंशज असतात. त्यांनी टाकलेला प्राणवायू पाण्यातल्या लोहाला भेटला आणि लोह गंजलं. गंज पाण्यात विरघळत नाही. तो तळाशी बसला. थरावर थर, गाळावर गाळ, मधूनमधून सिलिकाचे पट्टे. काही ठिकाणी प्राणवायूचीही गरज पडली नसावी, लोहावरच जगणाऱ्या वेगळ्या जीवाणूंनी उन्हाच्या मदतीने ते थेट गंजवलं असावं, असंही अभ्यासक मानतात. कसंही असो, या कामात जीवांचा मोठा हात होता. पुढे कोट्यवधी वर्षं पावसापाण्याने काही थरांतला सिलिका धुऊन नेला आणि लोह आणखी घट्ट झालं. सूरजागडमधून आज ट्रक भरभरून बाहेर पडतो तो हा गंज, डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांच्या उच्छ्वासाची बेरीज.

समुद्रातलं लोह जसजसं संपत आलं तसतसा प्राणवायू हवेत साचू लागला. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीच्या या घटनेला भूशास्त्रज्ञ महाप्राणवायू घटना म्हणतात. तोवर सुखात असलेल्या असंख्य जीवांसाठी तो विषारी वायू होता. ते मेले, किंवा चिखलाच्या, आतड्यांच्या, तळ्याच्या तळाच्या अंधारात जाऊन राहिले. तिथं ते अजून आहेत. काहींना मात्र त्या विषाचाच उपयोग सापडला. प्राणवायूत अन्न जाळलं तर कितीतरी पटींनी जास्त ऊर्जा मिळते. आपण त्यांच्या वंशातले.

एका शब्दापाशी थोडं थांबायला हवं. हेमाटाइट हे नाव रक्तासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलं, दगडाच्या लाल पुडीमुळे. हिमोग्लोबिन हे नाव त्याच मुळाचं. दगडाला नाव देणाऱ्यांना रंगापलीकडचं नातं ठाऊक नव्हतं. आज आपल्याला ठाऊक आहे की हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि प्राणवायूला धरून ठेवण्याचं काम तेच करतात. प्रौढ माणसाच्या अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं, एखाद्या खिळ्याएवढं, आणि त्यातलं दोन तृतीयांश रक्तात. जुन्या समुद्रात लोह आणि प्राणवायू भेटले की गाठ कायमची बसे, गंज चढे. आपल्या रक्तात हीच दोघं भेटतात, पण फुप्फुसात जुळतात आणि पेशीपाशी पोचल्यावर सुटतात. गंजू न देता हे जमवायला जीवसृष्टीला फार दीर्घ काळ लागला. सूरजागडच्या पायथ्याशी कुणी खोल श्वास घेतो तेव्हा डोंगरात घडलेला खेळ त्याच्या छातीत दर क्षणी चालू असतो.

रक्ताकडे आलोच आहोत, तर उत्क्रांतीची दुसरी गोष्ट याच तालुक्यांतली आहे. ती कोट्यवधी वर्षांपूर्वीची नाही, आजची आहे.

एटापल्ली, भामरागड, धानोरा या भागांत मलेरिया किती मुरलेला आहे हे राज्याच्या आरोग्य खात्याला दरवर्षी कळतं. महाराष्ट्रातल्या मलेरियाच्या रुग्णांत मोठा वाटा एकट्या गडचिरोलीचा असतो, आणि त्यातही मेंदूपर्यंत जाणारा फाल्सिपेरम इथं जास्त. याच भागात, आणि एकूणच विदर्भातल्या अनेक समाजांत, सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकारही आढळतो. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक घटक बदललेला असतो. जनुकाच्या भाषेत सांगायचं तर एकच अक्षर चुकलेलं. आईवडील दोघांकडून ते चुकीचं अक्षर आलं तर लाल पेशी प्राणवायू सोडल्यावर विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, सांधे आणि हाडं असह्य दुखतात, अंगातलं रक्त कमी होतं. हे दुखणं ज्याने घरात पाहिलं आहे त्याला त्याचं वर्णन वाचायची गरज नाही.

मग इतकं वाईट अक्षर टिकलं कसं? ज्यांना ते होतं त्यांतली कितीतरी मुलं पूर्वी मोठी होण्याआधीच जात असतील. चार-दोन पिढ्यांत नाही तरी शंभर पिढ्यांत ते पुसलं जायला हवं होतं. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९ साली अशाच एका रक्तविकाराबद्दल अंदाज मांडला की मलेरियाशी त्याचा काही संबंध असावा. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून सिकलसेलबद्दल तो दाखवून दिला. चुकीचं अक्षर एकाच बाजूने आलं असेल, म्हणजे माणूस नुसता वाहक असेल, तर त्याला सहसा त्रास होत नाही. उलट फाल्सिपेरमच्या जीवघेण्या तापापासून त्याला चांगलंच संरक्षण मिळतं. परजीवी घुसलेली लाल पेशी लवकर वाकते आणि प्लीहा तिला परजीवीसकट बाजूला काढते. त्यामुळे आफ्रिकेत, अरबस्तानात, भारताच्या जंगलपट्ट्यांत, जिथं जिथं मलेरियाने पिढ्यान्‌पिढ्या लहान मुलं नेली, तिथं तिथं हे अक्षर टिकून राहिलं.

डार्विनने सांगितलेली नैसर्गिक निवड याहून स्पष्ट कुठं पाहायला मिळेल? आणि ती किती निष्ठुर हिशेब करते तेही इथं दिसतं. दोन्ही पालक वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता आजारी मुलाची, दोन वाहकाच्या, एक पूर्ण निरोग्याची. वाचलेल्या भावंडांची किंमत एक भावंड मोजतं. निसर्गाला त्या मुलाच्या वेदनेशी देणंघेणं नाही. ते माणसालाच असावं लागतं. म्हणून लग्नाआधी रक्त तपासून घ्या असं आरोग्यसेविका गावोगाव सांगतात, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या मिळतात, आणि २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने २०४७ पर्यंत सिकलसेलच्या निर्मूलनाचं ध्येय ठेवलं आहे.

ते अक्षर चांगलं की वाईट, हा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारत होतो. उत्तर एवढंच की कुठं, ते आधी सांगा. मलेरियाच्या गावात वाहक असणं फायद्याचं. मलेरिया नसलेल्या शहरात त्याच अक्षराचा उपयोग शून्य, दुखणं मात्र पुढच्या पिढीसाठी शिल्लक. 'लायक' हा शब्द जागेशिवाय उच्चारताच येत नाही. प्राणवायू एकाला विष झाला आणि दुसऱ्याला श्वास, तसंच हे.

आणि इथं आपल्या भाषेनेच आपली थोडी दिशाभूल केली आहे. उत्क्रांती: उत् म्हणजे वर, आणि क्रम म्हणजे पाऊल टाकणं. वर चढणं. जुन्या तत्त्वज्ञानात हा शब्द जीव देह सोडून निघून जातो त्यासाठी वापरत. तो जीवशास्त्रात आणला गेला तेव्हा त्याच्यासोबत एक शिडीही आली. खाली जीवाणू, मग मासा, बेडूक, माकड, आणि सर्वांत वरच्या पायरीवर आपण, टेकून उभे. डार्विनच्या मनात अशी शिडी नव्हती. १८५९ च्या त्याच्या ग्रंथात तो बोलतो ते बदलत बदलत पुढे चालणाऱ्या वंशपरंपरेबद्दल. आज जगभर ज्या इंग्रजी शब्दाने हा सिद्धान्त ओळखला जातो, तो शब्द त्या पहिल्या आवृत्तीत त्याने वापरलाच नाही. त्याचं क्रियापदाचं रूप फक्त एकदा येतं, अगदी शेवटच्या शब्दात. सबंध ग्रंथात आकृतीही एकच, फांद्या फुटत गेलेल्या रेघांची. अशा आकृतीसाठी आपल्याकडे एक सुरेख शब्द आधीपासून आहे: वंशवेल. वेलीला वरची पायरी नसते. तिचे सगळे शेंडे सारखेच ताजे असतात. अंगणातल्या फरशीवरचा बुळबुळीत थर आणि ती फरशी पुसणारा माणूस, दोघंही आजचेच शेंडे. माझ्या हातात असतं तर शाळेच्या पुस्तकांत उत्क्रांतीच्या धड्याचं नाव मी वंशवेल ठेवलं असतं.

शब्दांचा हा किस काढायचं कारण आहे. शिडीने माणसांचं बरंच नुकसान केलं.

१ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि वॉलेस यांचे निबंध वाचले गेले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या तुरुंगात बाबूराव सेडमाके यांना फाशी दिली गेली, कारण त्यांनी या जंगलातल्या गोंडांना इंग्रजांविरुद्ध उभं केलं होतं. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण पुढच्या पन्नास वर्षांत, सेडमाक्यांना हरवणाऱ्या राज्याला आपला विजय समजावून सांगायला एक नवी भाषा मिळाली. 'सर्वांत लायक तोच टिकतो' हे शब्द हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ साली घडवले. डार्विनने ते नंतर, १८६९ च्या आवृत्तीत उचलले. १८७७ साली लुइस हेन्री मॉर्गनने सबंध मानवजात रानटी, अर्धरानटी आणि सुधारलेली अशा पायऱ्यांवर बसवली. जंगलात राहणारा माणूस आता शेजारी राहिला नाही, तो भूतकाळ ठरला. आज जिवंत असलेल्या माणसाला भूतकाळ ठरवणं ही मला विज्ञानाच्या नावाने झालेली फार मोठी चूक वाटते.

मराठीत स्पेन्सर आला तो वेगळ्या वाटेने, आणि हे आपलं भाग्य. आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर आवडीने वाचले होते. १८८८ साली 'सुधारक' काढल्यावर त्यांनी वाचकांच्या गळी उतरवलं ते हे की रूढी सनातन नसतात. समाज बदलत आला आहे, म्हणजे विधवेचं केशवपनही बदलू शकतं. विवाहसंस्थासुद्धा घडत, मोडत, बदलत आलेली आहे हे इतिहासकार राजवाड्यांनी इतक्या निर्भीडपणे लिहिलं की अनेकांना ते सोसलं नाही. कम्युनिस्ट नेते डांग्यांनी १९४९ साली प्राचीन भारताचा इतिहास मॉर्गन आणि एंगेल्स यांच्या पायऱ्यांवर मांडला. पायऱ्या तिथंही होत्याच. दुसरीकडे दशावताराचा क्रम म्हणजे उत्क्रांतीच, मत्स्य, कूर्म, वराह आणि मग माणूस, असं कितीतरी जण आजही मोठ्या समाधानाने सांगतात. माझं त्याच्याशी जमत नाही. श्रद्धेला विज्ञानाच्या प्रमाणपत्राची गरज नसते, आणि त्या क्रमातही आपण वाचतो ती पुन्हा शिडीच.

शिडी मोजून पाहणारी एक मराठी बाई होती. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवशास्त्र शिकत होत्या. फिशर यांची संस्था पुढे नाझींच्या वंशवादाला आधार देणारी ठरली. कवटीच्या दोन बाजूंतला असमतोल आणि वंश यांचा काही संबंध आहे का, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. त्यांनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं: संबंध दिसत नाही. परक्या देशात, गुरूला हवं असलेलं उत्तर न देणारी ती तरुण विद्यार्थिनी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. 'युगान्त' लिहिणारा हात तोच.

तरीही शिडी सरकारी कागदात शिरलीच. महाराष्ट्रातल्या तीन जमाती, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड, 'आदिम' जमातींच्या यादीत बसवल्या गेल्या. आदिम हा शब्द काढून 'विशेष दुर्बल' म्हणायला २००६ साल उजाडावं लागलं. सूरजागडच्या पायथ्याचा माडिया माणूस हा आपल्याइतक्याच लांब वंशवेलीचा आजचा शेंडा आहे, एका दिवसानेही मागे नाही, हे जीवशास्त्र कधीचं सांगत आलं आहे.

या भागात शिडीऐवजी नात्याचा विचार कुणी जपला असेल तर तो इथल्या कुळांनी. गोंडांत चार, पाच, सहा, सात देवांची कुळं असतात आणि कुळाचं एखादं झाड किंवा प्राणी असतो. त्याला मारायचं, तोडायचं नाही. गोंडीत तेका म्हणजे साग आणि मरका म्हणजे आंबा. टेकाम आणि मरकाम ही आडनावं त्यांच्यावरून आलेली. यात डार्विन आधीच होता असं मी म्हणणार नाही. कुळाचं झाड ही श्रद्धा आहे, तिला पुरावा लागत नाही, आणि डार्विनचं सगळं बळ पुराव्यात आहे. पण सागाशी आपलं नातं आहे या एका वाक्यावर दोघंही येऊन पोचतात. सागाच्या पेशीत आणि माझ्या पेशीत जनुकाची लिपी एकच आहे, हे आता प्रयोगशाळेत वाचता येतं.

ही दोन जगं एकाच माणसाच्या टेबलावर एकत्र आली होती. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ पासून नागपुरात होता. धर्मप्रसाराला आलेला हा माणूस वाटेत दिसेल तो दगड फोडून पाही. त्याने नागपूर, कामठी, मांगली आणि थेट सिरोंच्याजवळच्या प्राणहितेकाठच्या कोट्यापर्यंतच्या जीवाश्मांचा मागोवा घेतला. मांगलीच्या रुंद डोक्याच्या उभयचराला १८५५ साली रिचर्ड ओवेनने नाव दिलं. 'डायनासोर' हा शब्द घडवणारा, आणि पुढे डार्विनशी भांडणारा तोच ओवेन. याच हिस्लॉपने गोंडांची लिंगोची गाथा मिळवून जपून ठेवली. तीत पुराच्या वेळी मगर दगा देते आणि कासव पाठीवर घेऊन पार नेतं, म्हणून कासवाला इजा करायची नाही असा नेम पडतो. ४ सप्टेंबर १८६३ ला नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटजवळची शिळावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना हिस्लॉप पूर आलेल्या नाल्यात बुडाला. घोडा एकटाच परत आला. त्याचे कागद रिचर्ड टेंपलने १८६६ साली छापले. जीवाश्म लंडनला गेले, गाथा पुस्तकात गेली. त्याने पाहिलेल्या त्या खडकांना पुढे भूशास्त्रज्ञांनी गोंडांच्या देशावरून गोंडवन नाव दिलं, आणि ते वाढत वाढत एका फुटलेल्या महाखंडाचं नाव झालं. दक्षिण ध्रुवावरून परतताना मेलेल्या कॅप्टन स्कॉटच्या तुकडीच्या सामानात १६ किलो दगड सापडले. त्यांत ग्लोसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीची पानं होती, विदर्भाच्या खडकांत हिस्लॉपला सापडलेल्या पानांच्या गोतातली. अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, भारत एकेकाळी जोडलेले होते, याची ती साक्ष, आणि तिच्यावर नाव गोंडांचं.

सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे. दर जानेवारीत आजूबाजूच्या गावांतली माणसं तिथं जमतात. खाण नको म्हणणाऱ्या ग्रामसभांची बैठकही त्याच यात्रेत भरत आली आहे, आणि त्याच गावांतली काही पोरं आता खाणीत कामालाही जातात. २०२१ पासून खोदकाम जोरात सुरू आहे. लोखंड कुणाला नको आहे? मी लिहितो आहे ते टेबलसुद्धा लोखंडी खिळ्यांवर उभं आहे. पण जो डोंगर जमायला कोट्यवधी वर्षं लागली तो किती वर्षांत उतरवायचा, आणि ते ठरवताना ठाकूरदेवाच्या माणसांना कुठल्या पायरीवर उभं करून त्यांचं ऐकायचं, हे प्रश्न मला खनिजाच्या टक्केवारीपेक्षा मोठे वाटतात.

संध्याकाळी पायथ्याच्या गावांत आशाताई फिरते. ताप आलेल्या पोराचं बोट ती पुसते, सुई टोचते, थेंब काचपट्टीवर घेते, तो मलेरियासाठी. दुसरा थेंब सिकलच्या तपासणीसाठी. पोर रडतं, आजी त्याला मांडीवर घेते. बाहेरून एक ट्रक जातो आणि उडालेली लाल धूळ हळूहळू दारातल्या आंब्याच्या पानांवर बसते.